दातांच्या डॉक्टरची खुर्ची: काहींनाच एवढी भीती का वाटते? आपापले अनुभव लिहा

निवांत_नाही (धागाकर्ती)

दातांच्या दवाखान्यात जायला आवडतं असा माणूस मी अजून पाहिलेला नाही, ते ठीके. पण माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात वाढलो, डॉक्टर एकच, किडलेल्या दाढासुद्धा साधारण सारख्याच. ती स्केलिंग चालू असताना चक्क डुलकी काढते आणि माझे आदल्या रात्रीपासून हातपाय गार, सकाळी पोटात गोळा, वेटिंगमध्ये बसल्यावर फोनवरचं एक अक्षर डोक्यात शिरत नाही. गंमत म्हणजे मला तिथे आजवर फारसं दुखलेलंही नाहीये. मग मी नक्की कशाला घाबरते? "सगळेच घाबरतात गं" हे उत्तर नको, ते मला आईकडून फुकट मिळतं. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला जास्त भीती वाटत असेल तर ती नेमकी कुठून आली, कशाने वाढली, कशाने कमी झाली ते लिहा.

सांगलीकर

माझं कारण एकदम क्लिअर आहे. मुंगी.
शाळेत असताना वरची दाढ किडली, वडील स्टँडजवळच्या दवाखान्यात घेऊन गेले, डॉक्टर म्हणले काय नाही रे, मुंगी चावल्यागत होईल, आणि सुई घुसली ती टाळूत. टाळूतलं इंजेक्शन ज्यांनी घेतलंय त्यांना मी काय वेगळं सांगायला नको. मी हात वर केला तर वडिलांनी आणि कंपाउंडरनं मिळून दोन्ही हात खुर्चीला दाबून धरले. आता चाळिशी उलटली, दरवर्षी रक्तदान करतो, विळा लागून पायाला टाके पडले तेव्हा बघत बसलो होतो, म्हणजे सुईची भीती नाही. पण खुर्ची मागं कलायला लागली की हात आपोआप मोकळे आहेत का बघतो. दुखलेलं विसरलो असतो हो, धरून ठेवलेलं नाही विसरलो.

रानजाई

मी आईबद्दल लिहिते. आमच्या जुन्नरकडच्या भागात तिच्या पिढीतल्या किती बायका मिश्री लावायच्या त्याची गणती नाही, तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड, सकाळी उठल्यावर पहिलं काम तेच. दात काळे झालेले, हिरड्या मागे सरकलेल्या, दोन दाढा हलायच्या, भाकरी दुधात कुस्करून खायची पण दवाखान्याचं नाव काढलं की भांडण. आम्ही समजायचो दुखेल म्हणून घाबरते. अहो जिची सगळी बाळंतपणं घरी झाली ती बाई दाढेला घाबरेल का? एकदा ओढूनच नेलं. डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि असिस्टंट पोरीला हाक मारली, "इकडे ये, मिश्री केस बघ." आणि मग आईला, "आजी, एवढ्या वर्षांत एकदाही दाखवावंसं वाटलं नाही?"
आई पदर तोंडाला लावून उठली ती थेट रिक्षात.
त्यानंतर पुष्कळ वर्षं ती कुठेच गेली नाही आणि तेवढ्यात अजून दात गेले. शेवटी नारायणगावच्या एका लेडी डॉक्टरनी आल्या आल्या तोंड उघडायला न लावता विचारलं, "मावशी, काय काय खाता येत नाही?" आईने यादीच दिली. शेंगदाणे, ऊस, भाजलेलं कणीस. त्या बाईंनी ती कागदावर लिहून घेतली!! पुढच्या वेळेस आई स्वतःहून चप्पल घालून तयार. आता मला कुणी म्हणालं ना की अमुक माणूस डेंटिस्टला घाबरतो, तर मी आधी विचारते की बाबा कुणी काही बोललं होतं का.

घुईंSSSS

आवाज. फक्त आवाज. बास. शेजारी आरओ फिल्टरवाला भिंतीला ड्रिल मारत होता तर मी घरात गाल धरून बसलो होतो.

आप्पा_रिटायर्ड

तुमच्या पिढीचे लाड आहेत सगळे. आम्ही हलणारा दात दोऱ्याने पाडला आणि कौलावर फेकला, विषय संपला. मोठेपणी जे मशीन होतं ते दोरीच्या पट्ट्यावर फिरायचं, हळूहळू, अख्खी कवटी थरथरायची, त्यापुढे आत्ताचं काहीच नाही. बाकी मी स्वतः वरची दाढ काढायला लावत नाहीये ते भीतीने नव्हे, वरचा दात काढला की नजर जाते. आमच्या मोठ्या भावाची गेली.

घुईंSSSS

आप्पा, म्हणजे घाबरताच की 😄

अर्धा_ओठ

माझी स्टोरी वेगळी आहे, मला भीती नव्हतीच, ती नंतर बसली. खालच्या दाढेचं रूट कॅनल. इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला, जीभ अर्धी बधीर, डॉक्टर म्हणाले झालं आता, आणि फाइल (नस साफ करायची ती बारीक सुई) आत घातली तर मेंदूत वीज गेली. मी ओरडलो. तर म्हणे "बधीर झालंय, तुम्हाला फक्त प्रेशर जाणवतंय." अरे माझा दात, माझी वीज, आणि प्रेशर आहे की दुखतंय हे तुम्ही ठरवणार? परत घातली, परत तेच. त्यानंतर कॅप बसवायलासुद्धा गेलो नाही, दात नंतर तुटला. दुखण्यापेक्षा जास्त राग कशाचा आला तर मी खोटं बोलतोय असं धरून चालले होते त्याचा.

दंतवैद्या

किती वेळ वाचतेय, आता लिहितेच. मी मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकले, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं, तिथली ओपीडीची रांग ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल की आमचं शिक्षण किती घाईत झालं. दात कसा वाचवायचा ते नीट शिकवलं, माणूस कशाने घाबरतो ते मी स्वतःच्या क्लिनिकमध्ये शिकले.

अर्धा_ओठ, तुम्ही खोटं बोलत नव्हतात. ओठ बधीर झाला म्हणजे दात बधीर झाला असं नसतं. नस आतून सुजलेली असेल, इन्फेक्शन असेल तर तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि लिग्नोकेन, म्हणजे बधीर करायचं औषध, नसेच्या आत पुरेसं शिरतच नाही, शिवाय सुजलेली नस मुळातच चवताळलेली असते. खालच्या दाढांना हे जास्त होतं कारण तिथे जबड्याचं हाड जाड असतं म्हणून नस लांब मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला गाठावी लागते. अशा वेळी थंड स्प्रेचा बोळा लावून दात खरंच बधीर झालाय का बघायचं, नसेल तर दाताच्या मुळाशेजारी वेगळं इंजेक्शन द्यायचं, किंवा त्या दिवशी औषध भरून थांबायचं. आणि पेशंट "दुखतंय" म्हणाला की दुखतंय. यात चर्चा नाही.

सांगलीकर, टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागा नाही, म्हणून ते सगळ्यात बेकार इंजेक्शन. मुंगी वगैरे काही नाही. आधी जेल लावून, बोटाने दाबून धरून, अगदी थेंब थेंब सोडलं तर सुसह्य होतं, पण वेळ लागतो आणि वेळ कुणाकडे नसतो.

अजून एक, बऱ्याच जणांना इंजेक्शननंतर एकदम छातीत धडधडतं, हात थरथरतात. त्यांना वाटतं मी पॅनिक झालो किंवा औषध बाधलं. बहुतेक वेळा ते त्यातल्या अ‍ॅड्रिनलिनमुळे असतं, औषध जास्त वेळ तिथेच टिकावं म्हणून मिसळलेलं असतं, काही मिनिटांत उतरतं. हे आधी सांगितलं तर पेशंट हसतो, नाही सांगितलं तर पुढच्या वेळी येत नाही. आणि ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी आम्हाला आधी सांगा, प्लीज. उपाशीपोटी पण येऊ नका, घाबरलेला आणि उपाशी माणूस खुर्चीत पटकन चक्कर येऊन पडतो. (आप्पा, दाताची नस आणि नजरेची नस वेगवेगळ्या आहेत. ज्या वयात दात पडतात त्याच वयात मोतीबिंदू येतो, म्हणून ते जोडीने आल्यासारखं वाटतं. भाऊंचे डोळे तपासले होते का कुणी?)

धागाकर्ती, तुमच्या प्रश्नावर माझं मत: दुखण्यापेक्षा जास्त घाबरवतं ते आडवं पडून, तोंड उघडं, बोलता येत नाही, वर कोण काय करतंय दिसत नाही, आणि थांबा म्हणायची सोय नाही. माझ्याकडे सगळ्यात जास्त ताठ बसणारे कोण तर ऑफिसात पन्नास माणसं हाताखाली असलेले साहेब लोक.

परदेशी_पाटील

मँचेस्टरहून. इथे खुर्चीत बसायच्या आधी मला एक फॉर्म दिला होता, पाचच प्रश्न: उद्या अपॉइंटमेंट असेल तर कसं वाटेल, वेटिंग रूममध्ये कसं वाटेल, ड्रिल करणार असतील तर, क्लिनिंग असेल तर, आणि वरच्या मागच्या दाढेजवळ हिरडीत इंजेक्शन असेल तर. प्रत्येकाला १ ते ५. १९ किंवा वर म्हणजे जाम घाबरलेला. माझे २१ आले, बायको म्हणाली एवढे मार्क कधी शाळेत पडले नव्हते. उत्सुकता म्हणून शोधलं तर मूळ चार प्रश्न १९६९ मधे नॉर्मन कोरा नावाच्या माणसाने केलेले, इंजेक्शनचा प्रश्न १९९५ साली जोडला. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटलं तर कुणीतरी विचारलं. मग शिरेतून मिडाझोलॅम (गुंगीचं औषध) देऊन अक्कलदाढ काढली, जागाच होतो पण नंतर फारसं आठवत नव्हतं, घरी न्यायला सोबत माणूस पाहिजे ही अट. पण एक सांगतो, इथे सरकारी डेंटिस्टकडे नंबर लागायलाच एवढा वेळ जातो की थांबून थांबूनच भीती पिकते.

दंतवैद्या

हा फॉर्म मराठीत करून मी पण देते. इंजेक्शनवर ५ आणि बाकी सगळीकडे २ असेल तर काम सोपं, जेल लावा आणि सुई डोळ्यांसमोरून नेऊ नका. वेटिंग रूमवरच ५ असेल तर त्या पेशंटला सकाळची पहिली वेळ द्यायची, बसवून ठेवायचंच नाही.

(नाव नको)

नेहमीच्या आयडीने लिहित नाहीये. मला दुखण्याची भीती नाही. आडवं झोपवून तोंडावर झुकलेला पुरुष, मास्क, बंद दार, आणि "रिलॅक्स, हलू नका". याहून जास्त लिहिणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आता मी फोन करतानाच सांगते की खुर्ची पूर्ण आडवी नको, दार थोडं उघडं ठेवा आणि असिस्टंट बाई आत पाहिजे. कारण सांगत नाही. दोन ठिकाणी "का?" विचारलं, तिथे गेले नाही. तिसरीकडे "हो, चालेल" एवढंच म्हणाले, तिथेच जाते.

रानजाई

(नाव नको), लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या भाचीला हे पाठवतेय.

उमाळा

मला उलटी येते. माप घ्यायचा तो गुलाबी लगदा ट्रेमध्ये घालून टाळूला लावला की संपलं. एकदा डॉक्टरांच्या बुटांवर. तेव्हापासून भीती दाताची नाही, लाजेची आहे. कुणाला काही उपाय माहित्येत का?

दंतवैद्या

जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ, नाकाने श्वास, बसून माप घ्यायला सांगा, आणि एक पाय हवेत उचलून धरा, लक्ष तिकडे जातं. बऱ्याच ठिकाणी आता कॅमेऱ्याने स्कॅन करतात, लगदाच नाही, तिकडे विचारा. बूट धुता येतात हो.

खिसा_फाटका

इथे कुणी बिलाबद्दल बोललंच नाही? एक दात दाखवायला गेलो तर आरशाने टकटक करत करत सहा खराब निघाले आणि हातात एस्टिमेट. मी घाबरतो ते तोंड उघडायला नाही, बंद केल्यावर काय ऐकायला मिळेल त्याला. लेखी एस्टिमेट आणि "यातलं आत्ता करायलाच हवं ते कुठलं" एवढं विचारायला लागल्यापासून जरा बरंय.

निवांत_नाही (धागाकर्ती)

दंतवैद्या ताईंचं वाचून आईला विचारलं. माझ्या लहानपणी ती स्वतः खुर्चीत बसायची तेव्हा मला कडेवर घेऊन बसायची, कारण तिला धीर हवा असायचा!! धाकटी तेव्हा जन्मलीच नव्हती. म्हणजे माझी भीती सेकंडहँड आहे की काय.

सांगलीकर

ताई, शेवटचं विचारतो. पोराला पुढच्या आठवड्यात न्यायचाय, सहा वर्षांचा आहे. त्याला काय सांगू? मुंगी तर सांगणार नाही.

दंतवैद्या

"दुखणार नाही" सांगू नका, आणि "घाबरू नकोस" पण नको, ते ऐकूनच इथे घाबरायचं असतं हे त्याला कळतं. पहिल्या दिवशी काम करूच नका, नुसतं खुर्ची वर-खाली करून, आरसा हातात देऊन, पाण्याचा फवारा त्याच्या नखावर मारून परत आणा. मग दर वेळी आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार हे दोघांच्यात ठरवून घ्या, आणि त्याने पहिल्यांदा उगाचच वर केला तरी खरंच थांबायला लावा, तो चेक करत असतो. आणि राग मानू नका, पण आत त्याच्याबरोबर तुम्ही नका जाऊ, त्याच्या आईला पाठवा.

सांगलीकर

ती माझ्यापेक्षा जास्त घाबरते ओ.

दंतवैद्या

मग आजी?

सांगलीकर

आजी चालेल. तिला दातच नाहीत.