उंच कुरणांवरच्या मेंढपाळांची औषधपेटी: जुलाबासाठी काय ठेवावं?

प्रश्न: मेंढपाळांचे तळ दवाखान्यापासून दोन-दोन दिवसांच्या चालीवर असतात. लहान मुलांना जुलाब लागले तर पेटीत नेमकं काय हवं?

उत्तर १: आधी ओआरएस आणि झिंक. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकलं की मीठ जास्त होतं, तान्ह्या बाळाला ते घातक. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. झिंक रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखाली १०. जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस.

उत्तर २: पाकिटं संपली तर लिटरभर पाण्यात साखर सहा चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचे सपाट, शिगोशीग नकोत. २००० मीटरच्या वर पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून तीन मिनिटं खळखळू द्या.

उत्तर ३: कृपा करून मेंढ्यांची औषधं मुलांना देऊ नका! शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, मूल पीत नाही, यातलं एकही दिसलं तर थांबू नका. लगेच खाली न्या. गिळत असेल तर वाटेत घोट-घोट पाजत राहा.