मिशनच्या बंगल्यातलं रोजचं जगणं कसं होतं? एकांकिकेसाठी माहिती हवी

तिसरी_घंटा (कुडाळ)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या स्पर्धेसाठी आमचा ग्रुप एकांकिका बसवतोय. वेंगुर्ल्याकडचं एक अमेरिकन मिशनरी कुटुंब, नवरा डॉक्टर, बायको, दोन मुलं. काळ साधारण 1950 च्या आसपासचा. संहिता मीच लिहितोय.

अडचण अशी, की शोधायला गेलं की धर्मांतर, वादविवाद, भाषणं एवढंच सापडतं. ही माणसं सकाळी उठून करायची काय, खायची काय, बाई दिवसभर घरात काय करत असे, मुलं शाळेत कुठे जात, यातलं काहीच हाती लागत नाही.

पहिला प्रवेश असा लिहिलाय: जुलै महिना, धो धो पाऊस. व्हरांड्यात आठ वर्षांचा मुलगा पागोळ्यांखाली कागदी होड्या सोडतोय. तेवढ्यात मुंबईच्या बोटीने आलेली अमेरिकेची मावशी भिजत भिजत बंदरावरून येते. मागून साहेब येतो आणि गड्याला "टुम किढर गया था" असं काहीतरी म्हणतो. तिथे हशा पक्का.

काही खटकत असेल तर सांगा. फक्त "वाचन वाढवा" एवढंच सांगू नका, ते घरी रोज ऐकतो.

दापोलीचा_मास्तर

हशा येईल हो, पण तो कलेक्टर साहेबाचा. मिशनरी साहेबाच्या तोंडी ही भाषा शोभत नाही. त्या लोकांना आल्या आल्या पहिलं काम मराठी शिकण्याचं. पंडित ठेवायचे, तासन् तास बसायचे आणि मिशनची परीक्षा द्यायचे. परीक्षा झाल्याशिवाय पूर्ण काम हातात मिळत नसे.

आमच्या बाजूचं उदाहरण देतो. स्कॉटिश मिशनने कोकणात सुरुवात केली ती बाणकोटला, 1823 मध्ये. पहिला आलेला डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. पुढे हर्णैलाही ठाणं झालं. ज्यांच्या नावाचं मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन 1829 मध्ये बायकोला घेऊन मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले. मार्गारेटबाईही शिकल्या. त्यांनी मग मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये तिथेच गेल्या. आल्याला सहा वर्षंच झाली होती.

तुमचा काळ त्यानंतर सव्वाशे वर्षांचा, पण भाषेची शिस्त तीच होती. बाकी घरातलं मला ठाऊक नाही. इथे वेंगुर्ल्याच्या एक बाई लिहितात, त्या बोलल्या तर बरं.

बंदरावरची

बोलते. टाइप नात करतेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तिचं, बाकी माझं.

मी वेंगुर्ल्याची. हल्ली मुलाकडे ठाण्याला असते. आमची आई तिकडच्या एका मिशन बंगल्यावर आया होती. कुठला बंगला नि कोण साहेब ते लिहीत नाही. त्यांची मुलंनातवंडं कुठे कुठे असतील, त्यांना न विचारता नाव कशाला घ्या. मी लहानपणी आईबरोबर जायची, तेव्हा अर्धं डोळ्यांनी बघितलेलं आहे नि अर्धं आईकडून ऐकलेलं.

बाबा रे, पहिल्या प्रवेशात तुझी बोटच चुकली. जुलैत वेंगुर्ल्याला बोट कुठली? पाऊस लागायच्या सुमाराला बोटी बंद, त्या सप्टेंबरात परत सुरू. बोट चालू असली तरी ती धक्क्याला लागत नसे, बाहेर समुद्रात उभी. पडावात उतरायचं नि किनाऱ्याला यायचं. मावशीला जुलैतच आणायची असेल तर बेळगावपर्यंत आगगाडीने आण, तिथून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून मोटारीने. भिजायला तिथेही भरपूर मिळेल.

दुसरं, तो मुलगा. तो जुलैत व्हरांड्यात नाही. तो कोडाईकनालला. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी तिथे 1901 सालापासून शाळा आहे, बोर्डिंगची. तिचं वर्ष जानेवारीत सुरू व्हायचं नि ऑक्टोबरात संपायचं, मोठी सुट्टी थंडीत. उन्हाळ्यात मडमबाई मुलांजवळ वर जाऊन राहायच्या. साहेबांना दवाखान्यातून सुटका मिळाली तर तेही थोडे दिवस जायचे, नाहीतर नाहीच. म्हणजे मुलं घरात कधी, तर दिवाळीच्या सुमारापासून नाताळ होईपर्यंत. बाकीचं वर्षभर एवढ्या मोठ्या घरात दोन माणसं नि आम्ही नोकरमाणसं. नाटक त्यात आहे बघ. धर्माबिर्माचं तू तुझं ठरव.

जानेवारी जवळ आला की ट्रंका बाहेर निघायच्या. शाळेचा नियम, प्रत्येक कपड्यावर नाव पाहिजे. मोजासुद्धा सुटायचा नाही. नावाच्या फितीचे बारके तुकडे मडमबाई शिवायच्या नि आई सुयांत दोरा ओवून द्यायची. एरवी दोघींची तोंडं बंद नसत, तेव्हा मात्र कामाशिवाय शब्द नाही. आमची आई आम्हाला म्हणायची, "तुमका शाळेत धाडूक माका सक्काळी धा हाका मारूक लागतत, तिका एकच मारूची लागता, पण ती वर्साची." हे वाक्य हवं तर घे.

सहा-सात वर्षांपर्यंत मूल घरी. तेव्हा आईच शिक्षिका. अमेरिकेत बाल्टिमोरला कॅल्व्हर्ट नावाची शाळा आहे, ती तेव्हा टपालाने धडे पाठवायची. पुस्तकं, वह्या, कुठल्या दिवशी काय शिकवायचं ते सगळं छापलेलं. सकाळी नाश्ता झाला की जेवणाच्या टेबलावरच शाळा. मी खाली चटईवर बसून चित्रं बघायची. बर्फात घसरणारी मुलं असायची त्यात, नि ती बघणाऱ्या बाबल्याच्या (आम्ही धाकट्याला बाबलोच म्हणायचो) अंगावर घामोळं.

तो बाबलो मालवणी बोलायचा. म्हणजे निव्वळ. "माका पेज व्हयी" म्हणत चुलीजवळ येऊन बसायचा. मास्तर म्हणतात ते खरं, साहेब पंडिताकडून शिकलेले. त्यांचं मराठी असं शुद्ध, की घाटावरचा मास्तर लाजावा. "आपणास वेदना कोठे होतात?" असं विचारत. आमच्या शेतकऱ्याला काय समजणार कपाळ! तो आईकडे बघायचा. एकदा बाबलोच पायरीवरून ओरडला, "खंय दुखता तुजा, ता इचारतत!" हशा पाहिजे ना? हा घे, नि खरा आहे.

आता दिवस कसा जायचा. साहेब पहाटे उठत, चहा घेऊन दवाखान्यात फेरी. मग नाश्ता: नाचणीची खीर म्हण किंवा लापशी म्हण, पाव, अंडं, केळं. पाव बंदराजवळचा, माडी घालून फुगवलेला. केक, बिस्किटं घरी. त्यासाठी बबर्जीने रॉकेलच्या डब्याची भट्टी केली होती, वर खाली निखारे. जेवणाला मासे असायचे, पण काट्याची धास्ती, म्हणून सुरमय, सरंगा. बांगडा साहेबांना आवडायचा पण खायला त्यांना एवढा वेळ लागायचा की बाहेर पेशंट खोळंबायचे. सोलकढी मात्र सगळ्यांची आवडती.

नाश्त्यानंतर प्रार्थना, नोकरांसकट, मराठीत. पायपेटी मडमबाई वाजवायच्या. पावसात तिचे सूर हवा धरायचे, दोन पट्ट्या दाबल्या की वर यायच्याच नाहीत. ना. वा. टिळकांची भजनं म्हणत, ते आईला आवडायचं, कारण चाली ओळखीच्या. आई हिंदूच होती, शेवटपर्यंत. प्रार्थनेला मागे उभी राहायची नि मनात आरवलीच्या वेतोबाला हात जोडायची. मडमबाईंना ते माहीत होतं, त्या काही बोलल्या नाहीत. उलट त्रास आमच्याच घरात. आजी तिला परसातल्या विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय चुलीकडे येऊ देत नसे. भर पावसातसुद्धा. बंगल्यावरून पगार मात्र चुलीपर्यंत तसाच यायचा, त्याला आंघोळ नाही.

मडमबाई आरामात झोपाळ्यावर बसून पंखा घेते असं दाखवू नकोस. दवाखान्याचे हिशोब त्यांच्याकडे, नर्सांच्या कपड्यांचं त्यांच्याकडे, बायकांचा शिवणवर्ग, रविवारची मुलांची शाळा. जेवायला बसलं की कोणतरी पायरीवर येऊन उभं. नि आठवड्याला एकदा पत्रं: टाइपरायटरवर कार्बन घालून, एकच मजकूर तिकडच्या आई-वडिलांना, बहिणीला, चर्चला. उत्तर यायचं तोवर इकडचा आजार बरा झालेला नाहीतर माणूस गेलेला.

पावसाची तयारी आमच्या घरासारखीच, फक्त जिन्नस वेगळे. आम्ही सुकी मासळी, कुळीथ, लाकडं भरायचो. ते पिठाचे डबे, साखर, रॉकेल, दुधाची पावडर, क्विनीन. जाळीचं कपाट असायचं, त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. तरी पिठात किडे व्हायचेच. पुस्तकांना बुरशी, चामड्याच्या बुटांना हिरवी लव. बूट घालण्याआधी झटकायचे, आत विंचू असायचा. ऊन पडलं रे पडलं की घरातलं सगळं अंगणात, गाद्या, पुस्तकं, साहेबांचे कोट.

फ्रीज होता, रॉकेलवरचा. ते एक मोठं नवल. खाली वात पेटलेली नि वर बर्फ. वात नीट कापली नाही तर काजळी धरायची नि आतलं सगळं ऊबट. वात कापायचं काम आईचं. गावातली माणसं काहीतरी निमित्त काढून बर्फ बघायला यायची. एक जण पदरात बांधून घेऊन निघाली होती पोरांना दाखवायला, तिच्या घरापर्यंत काय पोचलं असेल ते तूच लिही.

जरा थांबते, नातीचा हात दुखतोय.

तिसरी_घंटा

काकू, पहिला प्रवेश फाडला. खरंच फाडला, आत्ता. 🙏

आता मुलं सुट्टीत घरी येतात तिथून सुरुवात करतोय, नोव्हेंबर-डिसेंबर. दोन विचारायचंय: नाताळचं झाड कसलं लावत? आणि मुलं गावातल्या पोरांत मिसळत का, की कुंपणाच्या आतच?

रेडीचा_खलाशी

काकू टंकलेखक बदलेपर्यंत माझी भर. वेंगुर्ल्याच्या मिशनच्या डॉक्टरांपैकी एक डॉ. गोहीन. त्यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन 15 ऑगस्ट 1919 ला वेंगुर्ल्यातच जन्मला. पंधराव्या वर्षी शिकायला अमेरिकेला गेला, 1957 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि 1977 ते 1980 अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत होता. आमच्या तालुक्यात आंब्या-काजूशिवायही काही पिकतं!

एकांकिकेत मात्र हे घालू नका, कुणाला खरं वाटणार नाही.

बंदरावरची

झाड सुरूचं. किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत, फांदी तोडून आणायची नि रेतीच्या बादलीत उभी करायची. त्यावर रंगीत कागदाच्या साखळ्या. तिकडून खोके यायचे, पण नाताळचा खोका नाताळला पोचेलच असं नाही. आला की त्यातला रंगीत कागद आई इस्त्री करून ठेवायची, पुढच्या वर्षाला. आमच्याकडून दिवाळीच्या करंज्या तिकडे, नि त्यांच्याकडचा केक इकडे. तो आजी खायची नाही, आम्ही विहिरीमागे बसून खायचो.

मुलं मोसमाचा आंबा कधी खात नसत, हे लक्षात घे. आंबा पिकतो तेव्हा ती कोडाईला. म्हणून आई मे महिन्यात साठं घालायची नि फणसपोळी, नि ती डब्यात राखून ठेवायची. थोरली घरी आली की आधी डबा उघडायची, मग आईला भेटायची. आपल्या आईला नव्हे, माझ्या.

कुंपणाचं म्हणशील तर मुलं थोरली झाल्यावर जरा परकी होत. बोर्डिंगात इंग्रजी बोलून यायची, पहिले काही दिवस आमच्याशी बोलायला जीभ वळत नसे. बाबल्याला कुंपण नव्हतंच. जत्रांचे दिवस म्हणजे कार्तिक-मार्गशीर्ष, ते त्यांच्या सुट्टीतच पडायचे. आई त्याला दशावतार बघायला घेऊन गेली, खांद्यावर शाल टाकून. मडमबाईंना सांगितलं होतं "जत्रेक जातंय", रात्रभराचं असतं ते सांगितलं नव्हतं. पहाटे परत आली तर दारात दोघंही कंदील घेऊन उभे. आई म्हणायची, आता नोकरी गेली. साहेबांनी पोराला विचारलं काय पाहिलंस. पोरगा आत पळाला, साहेबांचा काळा रेनकोट अंगात घालून संकासुर (दशावतारातला काळ्या वेषातला राक्षस) होऊन आला नि मडमबाईंच्या अंगावर धावला. नोकरी राहिली. पुढच्या जत्रेला साहेब स्वतः आले, खुर्ची नको म्हणाले, जमिनीवर बसले नि पहिल्या तासात झोपले.

तिसरी_घंटा

काकू, ही जत्रेची पहाट एकांकिकेत घेतली तर चालेल? श्रेयनामावलीत काय लिहू?

बंदरावरची

घे. नाव नको, "बंदरावरची" बास. संकासुराचं काम करणारा पोरगा मात्र मालवणी बोलणारा घे, पुण्याचा आणू नकोस. नि तालीम कुठे असते ते कळव. नाताळात मी वेंगुर्ल्याला येणार आहे, तुमचा प्रयोग त्याआधी झाला तर माझी बहीण येईल बघायला. ती माझ्यापेक्षा फाटकी आहे तोंडाची, तयारी ठेवा.