मदत हवी आहे: वर्णनात्मक मुख्य परीक्षेत गुण नेमके कशाला मिळतात?

नमस्कार. नागपुरात धरमपेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या राज्यसेवेची तयारी करतोय. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, लेखी 1750 गुण, म्हणजे साचा यूपीएससीचाच. पण तपासणीचं गणित काही कळेना. विदर्भाच्या सिंचन अनुशेषावरच्या माझ्या त्याच उत्तराला एका सरांनी 10 पैकी साडेपाच दिले, दुसऱ्यांनी तीन! शेरा फक्त 'आकडेवारी कुठे?'. दीडशे शब्दांत आकडे, कारणं, उपाय सगळं कोंबायचं कसं?

राज्यसेवा आणि यूपीएससी, दोन्हीकडच्या मुख्य परीक्षा दिलेल्यांनी सांगा: 3 तासांत 20 उत्तरं लिहिताना नकाशा, आकृती काढायला वेळ उरतो का, आणि त्याचे गुण खरंच मिळतात का? मराठीतून लिहिणाऱ्यांचा अनुभव आधी हवा. तपासलेल्या उत्तराचा फोटो टाकलात तर उपकार होतील. क्लासच्या जाहिराती मात्र नको, राजेहो.