मदत हवी आहे: तेंदूच्या रॉयल्टीचं वाटप कसं करता?

नमस्कार मंडळी. गाव गडचिरोली जिल्ह्यातलं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालाय, तेंदूच्या (विडीच्या) पानांचा लिलाव आता ग्रामसभाच करते. मजुरीचा वाद नाही. ७० पानांचे पुडे मोजले की हिशेब संपला. घोडं अडलंय रॉयल्टीवर, म्हणजे मजुरीशिवाय ठेकेदार ग्रामसभेला देतो त्या पैशावर. तरुण पोरं म्हणतात, ज्याने जितके पुडे फळीवर (पानं गोळा करतात त्या केंद्रावर) दिले तितका त्याचा वाटा. म्हातारी मंडळी म्हणतात, जंगल सगळ्यांचं, मग यंदा तोडायला न गेलेल्या बाळंतिणीला काहीच नाही? मला म्हाताऱ्यांचं पटतं, पण उन्हात राबलेल्यांना समजावणार कोण! आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने स्वतः बांबू विकला त्याविषयी वाचलंय, तेंदूवाल्या ग्रामसभांचा अनुभव हवाय. गावनिधीत किती ठेवता? ठरावाचा नमुना असेल तर टाका. मे महिन्याआधी सभा घ्यायचीय.