शाळेतले व्यसनविरोधी कार्यक्रम: उपयोग होतो की नुसता फोटो निघतो?

लालबागची_आई
मुलगा आठवीत आहे. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन म्हणून शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. पाहुण्यांनी एक बोर्ड आणला होता, त्यावर चिकटवलेल्या पुड्या आणि खाली सुवाच्य अक्षरात नावं. गांजा, चरस, एमडी, गोळ्या. मग शपथ, मग फोटो. संध्याकाळी पोहे खाता खाता चिरंजीव विचारतात, "आई, एमडीलाच म्याव म्याव म्हणतात ना? केवढ्याला मिळतं?" तोपर्यंत त्याला गायछापपलीकडे काही ठाऊक नव्हतं. माझं स्पष्ट मत: हे बंद करा. शाळेने शिकवावं, विकणाऱ्यांना पोलिसांनी बघावं.

भांडुपचे_मास्तर
ताई, बोर्डाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस वर्गात जाऊन धडे देत. 'डेअर' नाव त्या कार्यक्रमाचं, गाजलाही खूप. नंतर तपासून पाहिलं तर धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक जवळपास नाहीच. पण म्हणून शाळेने हात झटकायचे? दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात सहावी-आठवीच्या मुलांबरोबर 'मैत्री' नावाचा प्रकल्प झाला. बरंचसं काम वर्गातलीच मुलं गटप्रमुख होऊन करत. दोन वर्षांत तिथला तंबाखूचा वापर १७ टक्क्यांनी घटला. ज्या शाळांत प्रकल्प नव्हता तिथे ६८ टक्क्यांनी वाढला.

मी माझ्या वर्गात एवढंच करतो: दोघांना उभं करायचं, एकाने पुडी पुढे करायची, दुसऱ्याने नाही म्हणायचं. पहिल्या आठवड्यात सगळी पोरं "व्यसन वाईट असतं" असं भाषण ठोकतात आणि वर्ग खिदळतो. मित्रासमोर असं कोण बोलतं? तिसऱ्या आठवड्यात एक पोरगा म्हणाला, "नको रे, माझी ताईशी हजाराची पैज लागलीये." कोणी हसलं नाही. पुढे चार-पाच जणांनी तीच थाप उचलली. थाप तर थाप, नाही म्हणता आलं ना?

टपरीसमोरचा
सर, पैज वगैरे छान. आमच्या गल्लीतल्या शाळेबाहेर पिवळी पट्टी मारलीये. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, २००३ च्या कायद्यात आहे. टपरीला चाकं आहेत! साहेब येणार असले की पट्टीच्या पलीकडे, गेले की अलीकडे. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद, व्हेप देशात २०१९ पासून बंद, आणि दोन्ही कुठे मिळतं हे दहावीतलं पोर गुगल न करता सांगेल. आधी हे आवरा. मुलांच्या मनावर संस्कार करणं स्वस्त पडतं म्हणून सगळे तेच करतात.

शिस्तप्रिय_दादर
बॅगा तपासा, सापडलं की नाव काढून टाका. दोन जण गेले की बाकीचे सुतासारखे सरळ येतील.

भांडुपचे_मास्तर
नाव काढलेलं पोर सकाळी सात वाजता कुठे जाणार, दादा? टपरीवरच. शिवाय मग कोणीही "सर, मी अडकलोय" असं सांगायला येणार नाही. आणि येतात. गेल्या वर्षी दोन आले.

कुर्ल्याचा_केमिस्ट
दुकानात दिसतं ते सांगतो. एमडीची भीती सगळ्यांना, पण वयात न आलेलं पोर व्हाइटनर नाहीतर पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगतं. एम्सचा २०१९ चा देशभराचा अहवाल आहे. त्यात हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. बाकी नशांत मोठे पुढे, ही एकच उलटी. यातली बरीच पोरं स्टेशनच्या पुलाखाली सापडतील, तुमच्या हॉलमध्ये ती बसलेलीच नसतात. मास्तर, तुमच्या तासाला ही पोरं कशी येणार?

भांडुपचे_मास्तर
नाही येणार. याला माझ्याकडे उत्तर नाही.

मैदान_हवंय
आइसलँडमध्ये १९९८ ला १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आधीच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ ला ५ टक्के. त्यांनी शाळेनंतरच्या खेळांना, संगीताला पैसा दिला, आईबापांना बैठकांना बसवलं, रात्री पोरं घरात पाहिजेत असा नियम पाळला. आता आमचं बघा. मैदानावर सकाळी गाड्या, संध्याकाळी लग्नाचा मांडव. पोरं बसतात जिन्यात, मोबाईल घेऊन.

टपरीसमोरचा
आईबापांचं नकोच काढू. आमच्याकडे वडीलच पोराच्या हातात दहाची नोट देतात, "जा रे, पुडी घेऊन ये." १८ च्या खालच्याला ती विकणं गुन्हा आहे, हे वडिलांनाही माहीत नाही आणि टपरीवाला सांगणार नाही.

लालबागची_आई
हे आमच्या घरालाही लागू. सासरे नातवालाच पाठवतात. कालपासून बंद केलंय, ते रुसलेत.

मास्तर, बोर्ड नको हे अजूनही म्हणते, पण पैजेचं पटलं. शनिवारी पालक सभा आहे. आठवड्याला एक तास मागायचा म्हणून विषय दिलाय. अजेंड्यावर चौथा लागलाय, गॅदरिंगच्या वर्गणीनंतर. टपरीसमोरचे, तुमच्याकडे त्या चाकांचा फोटो असेल तर टाका ना इथे.