ईयोबाच्या मित्रांचं चुकलं कुठं?

निफाडची द्राक्षवाली
फेब्रुवारीत गारपिटीनं बाग झोडपली. मण्यांत साखर उतरली होती, व्यापारी भाव ठरवून गेला होता. तासाभरात सगळे घड फुटले, मांडवाखाली रसाचा चिखल. सासरे माळकरी, निवृत्तिनाथांची पौषवारी कधी चुकवली नाही. भेटायला आलेले एक नातेवाईक चहा पिता पिता म्हणाले, "देवाचं काहीतरी राहिलं असेल." तेव्हापासून सासरे कुणाशी धड बोलत नाहीत.
शरणपूरच्या मैत्रिणीनं बायबलमधला ईयोब वाचायला दिला: सरळ वागूनही लेकरं, जनावरं सगळं गमावलेल्या माणसाचं पुस्तक. त्याचे मित्र हेच बोलतात. पण नीतिमानावर अनर्थ येत नाही, असं बायबलचंच नीतिसूत्रे हे पुस्तकही सांगतं ना (१२:२१)? मग मित्र चुकले कुठं?

शरणपूरकर
ताई, वाचून फार वाईट वाटलं.
नीतिसूत्रे पोराला वळण लावतं: सरळ वाग, भलं होईल. मित्रांनी हिशोब उलटा मांडला: याचं वाईट झालं, म्हणजे हा वाकडा वागला असणार. सुरुवातीला ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढं तरी चांगलं केलं. मग तोंड उघडलं. दहा लेकरं एका दिवसात गेलेल्या बापाला त्यातला एक मित्र, बिल्दद, म्हणतो, तुझ्या मुलांनी पाप केलं असेल (८:४). दुसरा मित्र अलीफज तर थेट आरोपच करतो: विधवांना रिकाम्या हातांनी पाठवलंस, थकल्याला पाणी दिलं नाहीस. पुरावा काही नाही! ईयोब सात्त्विक आहे हे देवानं पहिल्याच अध्यायात सांगितलंय.
शेवटी देव चिडतो तो मित्रांवर. देवाशी वाद घालणारा ईयोबच त्याच्याविषयी योग्य बोलला, असं ठरतं (४२:७). मित्रांना सात बैल, सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जावं लागतं, आणि त्यानं त्यांच्यासाठी प्रार्थना करायची! तुमच्या त्या पाहुण्यांनीही सासऱ्यांकडे जायला हवं.

गंगापूर रोड
पण देवानं उत्तर दिलं कुठं? ईयोबाची परीक्षा घ्यायची, हे देवाचं सैतानाशी झालेलं बोलणं ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. जनावरं दुप्पट मिळाली, मुलं पुन्हा सात आणि मुली तीन. पहिली दहा गेली ती गेलीच. याला न्याय कसा म्हणायचा?

शरणपूरकर
मीही म्हणत नाही. ती दहा मुलं मलाही सोडत नाहीत. वादळातून देव गारांच्या भांडारांबद्दल विचारतो, त्या संकटाच्या वेळेसाठी राखल्यात म्हणतो (३८:२२-२३). ते मला जड जातं. पण लगेच पुढं निर्मनुष्य रानावर पडणारा पाऊस आहे. तिथं बक्षीस कुणाला, शिक्षा कुणाला? निदान त्या पावसावरून तरी कुणाचं पापपुण्य काढता येत नाही.

निफाडची द्राक्षवाली
सासऱ्यांना वाचून दाखवू का? कुठून सुरू करू?

शरणपूरकर
२१ व्या अध्यायापासून. दुर्जन म्हातारपणापर्यंत सुखात कसे जगतात, असं ईयोब तिथं उघड विचारतो. मध्येच बाबा बोलायला लागले तर पुस्तक मिटा आणि ऐका. मित्रांची भाषणं सध्या नकोत.