सामान हलवणाऱ्या कंपनीविरुद्ध फेडरल न्यायालयात वकिलाविना दावा : करावा की टाळावा?

धागाकर्ता : एडिसनकर (सध्या डॅलस)

नोकरी बदलल्यामुळे आम्ही न्यू जर्सीतील एडिसनहून टेक्सासमधील डॅलसला बिऱ्हाड हलवले. कंपनीने ठरल्या तारखेनंतर अठरा दिवसांनी सामान आणून दिले, तेव्हा पियानो, जेवणाचे टेबल आणि आईने पुण्याच्या सुताराकडून करवून घेतलेले सागवानी देवघर मोडलेले होते आणि तीन खोकी आलीच नव्हती. माझ्या हिशेबाने नुकसान १६,४०० डॉलरचे होते, तर कंपनीने पौंडामागे ६० सेंट या दराने ४०८ डॉलर देऊ केले. देवघराचे वजन ४० पौंड, म्हणून त्याचे २४ डॉलर.

दोन वकिलांना विचारले. रक्कम लहान आहे असे सांगून दोघांनीही नकार दिला, म्हणून ४०५ डॉलर शुल्क भरून मी फेडरल जिल्हा न्यायालयात स्वतःच दावा दाखल केला. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचा हक्क या देशात १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्यापासून आहे. कंपनीला मात्र वकिलाशिवाय तेथे उभेच राहता येत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. राज्याच्या सीमा ओलांडून जाणाऱ्या सामानाच्या नुकसानीबद्दल १९०६ ची कारमॅक दुरुस्ती (मालवाहतूकदाराच्या जबाबदारीबद्दलचा फेडरल कायदा) लागू होते आणि तिच्यात ग्राहकाला कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. सामान चांगल्या स्थितीत सोपवले, ते मोडून आले किंवा आलेच नाही, आणि नुकसान इतके झाले, एवढे दाखवले की आपला दोष नव्हता आणि नुकसान दैवी आपत्ती, सामानातील अंगचा दोष अशा मोजक्या कारणांपैकी एकामुळे झाले, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर येतो. इतका सरळ कायदा असताना ग्राहकाने वकिलासाठी अडून का बसावे?

प्रतिसाद : शिकागोची वाचक

मी बारा वर्षे वकिलांच्या कार्यालयात कागदपत्रे तयार करण्याचे काम करते आणि आपल्या मताशी मुळीच सहमत नाही. कायदा सरळ आहे, पण न्यायालयाची वाट सरळ नाही. वकील नसलेल्या पक्षकाराचे वादपत्र उदारपणे वाचावे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘हेन्स विरुद्ध कर्नर’ या निकालात सांगितले, हे खरे. परंतु ती सवलत वाचनापुरती आहे, मुदतीपुरती नाही. वादपत्र दाखल केल्यापासून ९० दिवसांत समन्स रीतसर बजावले गेले नाही, तर न्यायाधीश कितीही सहृदय असले तरी दावा निकालात निघू शकतो.

दुसरे असे, की स्वतः लिहिलेल्या वादपत्रात माणूस निष्काळजीपणा, करारभंग, फसवणूक, मनस्ताप असे सारे काही घालतो. कारमॅक दुरुस्ती राज्यांच्या कायद्यांखालील असले दावे बाजूला सारते, ही गोष्ट १९१३ च्या ‘अ‍ॅडम्स एक्स्प्रेस विरुद्ध क्रोनिंजर’ या निकालापासून पक्की आहे. तो खटला प्रत्येक ग्राहकाने वाचावा असा आहे. सिनसिनाटीहून जॉर्जियातील ऑगस्टाला पाठवलेली हिऱ्याची अंगठी पोहोचली नाही. तिची किंमत १३७ डॉलर ५२ सेंट होती, पण पावतीवर ५० डॉलरची मर्यादा छापलेली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने तीच मर्यादा ग्राह्य धरली. आपल्या ६० सेंटांचे मूळ तेथे आहे. देवघरात तीन पिढ्यांची पूजा झाली असेल, तरी न्यायालय लाकडाची आणि कारागिरीची किंमत विचारील, भावनेची विचारणार नाही.

एक प्रश्न विचारते. कंपनीकडे लेखी मागणी केलीत, तेव्हा तिच्यात रकमेचा आकडा लिहिला होता का? दाव्याआधीच्या त्या मागणीसाठी कंपनीने किमान नऊ महिने द्यावेत असा नियम आहे आणि बहुतेक कंपन्या नेमके तेवढेच देतात. आकडा नसलेले तक्रारीचे पत्र ती मागणी म्हणून धरले जात नाही.

प्रतिसाद : ह्यूस्टनवासी

फेडरल न्यायालयात जावे की नाही या प्रश्नाआधी तेथे जाण्याची गरज आहे का, हे पाहिले पाहिजे. एका बिल ऑफ लेडिंगवरील (माल सोपवल्याच्या पावतीवजा करारावरील) वादाची रक्कम १०,००० डॉलरहून अधिक असेल तरच कारमॅकचा दावा फेडरल न्यायालयात बसतो. त्याची दुसरी बाजू लोकांना ठाऊक नसते. आपण राज्याच्या न्यायालयात गेलो आणि रक्कम १०,००० डॉलर किंवा कमी ठेवली, तर कंपनीला तो खटला ओढून फेडरल न्यायालयात नेता येत नाही. टेक्सासच्या जस्टिस कोर्टाची, म्हणजे लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या स्थानिक न्यायालयाची, मर्यादा २०,००० डॉलर आहे आणि तेथे सामान्य माणसे रोज स्वतः उभी राहतात. मी माझा ७,८०० डॉलरचा दावा तेथेच लावला. कायदा हाच लागू झाला, पण कागद एका फाइलीत मावले आणि सुनावणी एका सकाळी संपली.

त्याशिवाय लवादाची सोय आहे. घरगुती सामान हलवणाऱ्या कंपन्यांना ती ठेवणे बंधनकारक आहे, आणि १०,००० डॉलरपर्यंतच्या वादात ग्राहकाने मागणी केल्यास कंपनीला लवादापुढे यावेच लागते. खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा ग्राहकावर टाकता येत नाही. आपण ६,४०० डॉलर सोडले असते, तर दोन वर्षांची झोप वाचली असती असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एडिसनकर

दोघांचेही आभार. आधी जे कबूल करायला हवे ते करतो. माझ्या वादपत्रात पाच दावे होते. कंपनीच्या अर्जावर त्यांतील चार फेटाळले गेले आणि पाच महिने त्यातच गेले. पहिल्या तीन ईमेलमध्ये फक्त फोटो आणि संताप होता, आकडा नव्हता. आठव्या महिन्यात एका सहकाऱ्याने सावध केले, म्हणून वस्तूनिहाय किमतींची यादी करून १६,४०० हा आकडा लिहून पाठवला. तो सहकारी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भेटला नसता, तर माझा हक्क तेथेच संपला असता. सामान दोघांचे असल्याने पत्नीही वादी आहे आणि तिच्या वतीने मला सही करता येत नाही, हेसुद्धा मला मागाहून कळले.

तरीही ६,४०० डॉलर सोडा, हा सल्ला मला पटत नाही. ती आमची बचत होती. आणि खरा वाद वेगळाच आहे. ह्यूस्टनवासी, आपल्या प्रकरणात पूर्ण मूल्याचे संरक्षण मान्य होते की नव्हते, हे आपण लिहिले नाहीत. कायद्याप्रमाणे घरगुती सामानाच्या पूर्ण मूल्याची जबाबदारी हाच मूळ नियम आहे. ग्राहकाने लेखी सोडली तरच ६० सेंटांचा दर लागतो. माझी सही सकाळी सात वाजता टॅब्लेटच्या पडद्यावर बोटाने घेतली गेली. ट्रक रस्त्यात उभा होता, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मुकादमाने ‘माल चढवण्याची परवानगी’ एवढेच सांगितले. दोन दरांची तुलना असलेले पान मी पाहिलेच नाही. निवड करण्याची खरी संधी मिळाली होती का, हा प्रश्न मी न्यायाधीशांपुढे ठेवला आहे, आणि तो ठेवल्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

प्रतिसाद : शिकागोची वाचक

तो प्रश्न योग्य आहे, पण ‘मी वाचले नाही’ या उत्तराने तो सुटणार नाही. सही केलेला मजकूर माणसाने वाचला होता असेच न्यायालय धरून चालते. सही करताना ते पान पडद्यावर दाखवले गेले होते का, ते नंतर जोडले गेले का, त्यावरील वेळ कोणती, हे सारे कंपनीकडून कागदोपत्री मागवा. अशी मागणी कशी लिहायची हे वकिलाला सवयीने येते. आपल्याला रात्री जागून शिकावे लागेल. माझा विरोध यासाठीच आहे. आपण हराल असे मी म्हणत नाही. जिंकण्याजोगा दावा एखाद्या चुकलेल्या तारखेमुळे हातचा जाताना मी अनेकदा पाहिला आहे.

प्रतिसाद : सिएटलची नागपूरकर

पुढच्या महिन्यात आम्ही घर हलवणार आहोत, म्हणून हा धागा दोनदा वाचला. माझे मत एडिसनकरांच्या बाजूने आहे. वकील असे दावे घेत नाहीत आणि ग्राहक न्यायालयात जात नाहीत, असे झाले तर ४०८ डॉलरचा धनादेश हाच प्रत्यक्षातला कायदा होतो. कंपनीला प्रत्येक तारखेला वकिलाचे पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट तडजोडीच्या वेळी ग्राहकाच्याच बाजूने उभी राहते. फक्त हे विचारते : सामान चांगल्या स्थितीत होते, हे आपण कसे दाखवणार?

एडिसनकर

शिकागोच्या वाचकांनी सुचवलेली मागणी या आठवड्यात पाठवतो. नागपूरकरांच्या प्रश्नाचे उत्तर यादीत आहे. माल चढवताना मुकादम प्रत्येक वस्तूवर क्रमांकाची चिकटपट्टी लावतो आणि यादीत त्या क्रमांकापुढे ओरखडा, टवका, तडा यांच्या खुणा लिहितो; खुणांचा अर्थ त्याच पानाच्या वर छापलेला असतो. सही करण्याआधी ते पान वाचा आणि चुकीची खूण दिसली तर तेथेच हरकत लिहा. टेबलापुढे त्याने चार खुणा केल्या होत्या, त्यामुळे टेबलाबाबत माझी बाजू लंगडी आहे. आम्ही स्वतः भरलेल्या तीन खोक्यांवर ‘मालकाने भरलेले’ अशी नोंद आहे. आत काय होते हे कंपनीने पाहिलेले नाही, म्हणून तेथे पावत्या आणि आमची शपथपत्रे यांवरच भिस्त आहे. देवघराचा क्रमांक ४७. न्यू जर्सीत त्याच्यापुढे एकही खूण नाही, आणि डॅलसला उतरवताना त्याच ओळीत चालकाने स्वतःच्या हाताने ‘तुटलेले’ असे लिहून सही केली आहे.